बोटीच्या नावाची कोरीव पाटी: सागवानात देवनागरी नाव कोरताना कामाचा क्रम

नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, लावलेली नावाची पाटी दोन उन्हाळ्यांत तडकते, अक्षरांतलं सोनं सोलून निघतं, नाहीतर कोरता कोरता ‘सिंधु’चं ‘सिंघु’ होऊन बसतं. या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे होतात. अक्षरं कोरून झाल्यावर स्क्रूची भोकं पाडली जातात, ओलसर लाकडावर वार्निश चढतं, मोकळी ठेवायची शिरोरेषा हाताच्या भरात सलग ओढली जाते. त्यातून पाटी कोरण्याची जी माहिती सहज हाती लागते ती रोमन अक्षरांसाठी लिहिलेली असते. तिच्यात शिरोरेषा नसते, वरच्या-खालच्या मात्रा नसतात, आणि देवनागरीत सगळी अडचण नेमकी तिथेच येते.

इथे ‘सिंधुकन्या’ हे नाव नमुन्याला घेतलं आहे. वेलांटी, अनुस्वार, उकार, जोडाक्षर आणि अर्धवट शिरोरेषेचा ध असं सगळं त्यात आहे. पाटीचं माप ९०० × २२५ × २८ मिमी, अक्षराची उंची ९० मिमी. नाळेच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन पाट्या.

## वेळ आधी बांधून घ्या

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात आणि मालकाला नावाची आठवण तेव्हाच होते. जूनमध्ये आलेली मागणी घेऊन लगेच कोरायला बसू नका. पावसाळ्यात किनाऱ्यावरचं लाकूड हवेतली ओल पितं. त्या अवस्थेत रंगवून बंद केलेली पाटी मार्च-एप्रिलच्या उन्हात आकसते आणि सांध्यात किंवा अक्षराच्या तळाशी चिरते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड घ्यावं, एप्रिल-मेमध्ये कोरावं. सीलचे, म्हणजे रंग-वार्निशचे, सगळे हात मृगाच्या आधी संपवावेत आणि पाटी जुलैअखेर बोटीवर चढवावी. उशिरा आलेल्या गिऱ्हाईकाला पुढच्या हंगामाची तारीख द्यावी. दर सांगताना छापील अक्षरं मोजू नका, फराटे, म्हणजे अक्षरातले वेगवेगळे कोरायचे भाग, मोजा. ‘न्या’ हे वाचायला एक अक्षर, पण कोरायला अर्धा न, य आणि काना अशी तीन कामं. वेलांटी आणि उकारही वेगळे धरा. नाहीतर ‘सिंधुकन्या’ला ‘कमल’पेक्षा फार तर एक अक्षर जादा धराल आणि कामाला दिवस मात्र दुप्पट लागतील.

## १. नाव, बाजू आणि जागा नक्की करणं

नाव तोंडी घेऊ नका. नोंदणीच्या दाखल्यावर ऱ्हस्व-दीर्घासह जे आहे तेच कागदावर लिहून मालकाची सही घ्या. कोरलेला ऱ्हस्व उकार नंतर दीर्घ करता येत नाही. नियमानुसार रंगवायचा नोंदणी क्रमांक वेगळा असतो. पाटीमुळे तो झाकला जाणार नाही हे जागेवर जाऊनच ठरवा.

त्यानंतर बाजू. बोटीच्या डाव्या अंगाला उभं राहून पाहिलं तर नाळ आपल्या डाव्या हाताला येते, म्हणजे नाव नाळेकडून सुरू होतं. उजव्या अंगाला नाव मागून सुरू होऊन नाळेकडे संपतं. पाटीचं नाळेकडचं टोक निमुळतं करायचं असेल किंवा तिथे मासा, शंख, वेल कोरायची असेल, तर दोन पाट्यांचे बाहेरचे आकार एकमेकांचे आरसे असतील, अक्षरं मात्र दोन्हींवर सारखीच राहतील. दोन्ही पाट्या एकाच फर्म्याने कापल्या की एकीचं निमुळतं टोक मागच्या बाजूला जातं. फर्म्याच्या दोन्ही तोंडांवर ‘डावी’ आणि ‘उजवी’ असं लिहून ठेवा.

जागेवर तीन मापं घ्या:

- बोटीच्या वरच्या कडेचा चढ. पाटी त्या कडेला समांतर लावायची. पाणसळीने सपाट लावलेली पाटी, चढत्या कडेखाली, नाळेकडे खाली घसरल्यासारखी दिसते.
- बोटीच्या अंगाचा बाक. ९०० मिमीची सरळ पट्टी आडवी धरून टोकांशी किती फट राहते ते मोजा.
- अंगाचा बाहेरचा झुकाव. नाळेकडे बोट वर जाताना बाहेर फाकते, त्यामुळे पाटी जराशी खाली पाहते आणि धक्क्यावरून अक्षरं बुटकी दिसतात. झुकाव जास्त असेल तर अक्षराची उंची आठ-दहा टक्क्यांनी वाढवा, रुंदी तीच ठेवा.

उंचीचा ढोबळ हिशेब पाट्या रंगवणाऱ्यांचाच चालतो: एक इंच अक्षर साधारण दहा फुटांवरून निवांत वाचता येतं. ९० मिमी म्हणजे साडेतीन इंच, म्हणून ३५ फूट. जोडाक्षरांच्या नावाला यापेक्षा कमी उंची घेऊ नका.

तपासा: पूर्ण मापाचा कागदी नमुना चिकटपट्टीने बोटीवर लावा आणि धक्क्यावरून फोटो काढा. मालकाची मान्यता या फोटोवर घ्या.

## २. लाकूड

गाभ्याचा साग घ्या. कडेचं पांढरं लाकूड बोटभरही नको, कारण कीड आणि कूज तिथूनच शिरते. फळीच्या टोकाकडून पाहा. वाढीच्या वलयांच्या रेघा फळीच्या तोंडाशी जवळजवळ उभ्या असतील तर ती फळी कमी वाकते आणि कोरतानाही सारखी कापली जाते. कमानीसारखी वलयं असलेली फळी स्वस्तात मिळाली तरी पाटीसाठी सोडून द्या. रुंद, विरळ वलयांचा कोवळा साग मऊ असतो, त्यात बारीक कोपरे टिकत नाहीत.

एका पाटीला ३६ × ९ × सव्वा इंच म्हणजे ४०५ घनइंच कच्चं लाकूड लागतं. घनफूट १७२८ घनइंचांचा, तेव्हा पाव घनफुटाला थोडं कमी. टोकाच्या चिरा आणि सरावाचे तुकडे धरून दोन पाट्यांना पाऊण घनफूट मागा. सरावाचा तुकडा त्याच फळीचा हवा.

फणस आणि शिवणही कोरता येतात. पण फणसाच्या रेषा एकमेकींत उलटसुलट गुंतलेल्या असतात, त्यामुळे शिरोरेषेसारखा लांब आडवा काप मध्येच उचकटतो. पहिल्या पाटीसाठी साग बरा.

ओल मोजायचं यंत्र असेल तर १२ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आकडा हवा. यंत्र नसेल तर फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचा आणि दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. सलग तीन आठवडे वजन हललं नाही की फळी त्या जागेच्या हवेला बसली.

सावधान: नऊ इंची फळी मिळाली नाही म्हणून दोन फळ्या जोडायच्या असतील तर सांधा शिरोरेषेवर किंवा तिच्या आसपास येऊ देऊ नका. अक्षरांच्या पोटातून जाणारा सांधा एकवेळ चालतो. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या आधी कडा अॅसिटोनने पुसा आणि पंधरा-वीस मिनिटांत इपॉक्सी लावा. पुसून रात्रभर ठेवल्यास तेल पुन्हा वर येतं.

## ३. कोरण्याआधीची सुतारकी

अक्षराचा पहिला काप पडण्यापूर्वी पाटीवरचं बाकी सगळं सुतारकाम संपलेलं हवं.

१. दोन्ही तोंडं रंधून २८ मिमी जाडी काढा. पुढचं तोंड शेवटी धारदार रंध्याने साफ करा. पॉलिश पेपर वापरलात तर कुंचल्याने आणि ओल्या फडक्याने धूळ पूर्ण काढा. रेषांत अडकलेले वाळूचे कण पटाशीची धार खातात. सागात मुळातच सिलिका असते, त्यात ही भर नको.

२. बाहेरचा आकार कापा आणि कडा गोलवून घ्या. वरची कड बाहेरच्या बाजूला थोडी उतरती ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

३. स्क्रूची भोकं पाडा. वरच्या ओळीत तीन, खालच्या ओळीत तीन. दर्शनी बाजूने १२ मिमी व्यासाचं, १० मिमी खोल बुचाचं (स्क्रूचं डोकं झाकणाऱ्या लाकडी गुडदीचं) भोक आणि त्याच्या मध्यातून आरपार भोक: वरच्या ओळीत ५ मिमी, खालच्या ओळीत ७ मिमी. खालची भोकं मोठी का? फळी पावसाळ्यात आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन्ही ओळी घट्ट आवळल्या तर तिला हलायला जागा उरत नाही आणि ती मधोमध, म्हणजे नेमकी अक्षरांतून फाटते.

४. मागच्या बाजूला खालच्या कडेशी पाणी निथळायला तीन उथळ खाचा द्या.

बुचं त्याच फळीच्या तुकड्यातून आत्ताच काढून डबीत ठेवा. नंतर दुसऱ्या लाकडाची लावलेली बुचं वार्निशखाली ठिपक्यांसारखी दिसतात.

## ४. अक्षरांचा आराखडा

संगणकावरचा टंक थेट छापून घेऊ नका. पडद्यासाठी काढलेल्या अक्षरांच्या गाठी आणि पोटं इतकी बारीक असतात की दोन कापांच्या मध्ये लाकूड उरत नाही. टंक आधाराला ठेवून अक्षरं पुन्हा काढा. काना १४ मिमी रुंद, शिरोरेषा ११ मिमी. अक्षराच्या आतलं सर्वांत छोटं बेट, म्हणजे क किंवा ध च्या पोटातलं न कोरलेलं लाकूड, कुठल्याही दिशेने ८ मिमीपेक्षा कमी नको. त्याहून लहान बेट कोरताना उडतं.

उभी वाटणी अशी: शिरोरेषेच्या वर वेलांटी-अनुस्वाराला ३५ मिमी, शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या तळापर्यंत ९० मिमी, खाली उकाराला ४० मिमी. एकूण १६५. वरखाली ३० मिमी मोकळी जागा सोडली की २२५ ची पाटी भरते. स्क्रूची भोकं या मोकळ्या पट्ट्यांतच बसतात. नुसतं ९० मिमी डोळ्यांपुढे ठेवून फळी घेतली तर उकार थेट खालच्या कडेला टेकतो.

नाव मधोमध बसवताना शिरोरेषेची लांबी मोजून निम्मी करू नका. ‘सिंधुकन्या’त सुरुवातीला वेलांटीची कमान आणि शेवटी सडा काना आहे, त्यामुळे मोजून मध्यावर ठेवलेलं नाव डोळ्याला एका बाजूला सरकलेलं वाटतं. कागद उलटा, डोकं खाली करून पाहा. अक्षरं वाचता येईनाशी झाली की काळा-पांढरा तोल लगेच दिसतो.

आता ध. त्याच्या डोक्यावर शिरोरेषा अर्धीच असते. डावीकडची गाठ मोकळी, रेघ फक्त कान्याच्या बाजूला. भ आणि थ यांचंही तसंच. म्हणून ‘सिंधु’मध्ये स च्या कान्यापाशी शिरोरेषा थांबते, ध च्या गाठीवर खंड पडतो आणि पुढे ध च्या कान्यापासून क वर सरळ जाते. कागदावर हा खंड लाल पेन्सिलीने भरून ठेवा आणि लाकडावर उतरवल्यावर पुन्हा लाल करा. शिरोरेषा कोरताना हाताला लय लागलेली असते आणि खंड ओलांडला जातो. भ चा म आणि ध चा घ असाच होतो. कोरलेली खाच बुजवून लपवता येत नाही.

लाकडावर उतरवताना फक्त बाहेरच्या रेघा काढणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. प्रत्येक फराट्याच्या मधोमध तळरेघ काढा. दोन्ही बाजूंचे उतार जिथे भेटतात ती ही रेघ. पहिला घाव तिच्यावरच पडतो. मूळ कागद जपून ठेवा. कोरताना रेघा उडतात, तेव्हा तोच पाहावा लागतो.

## ५. हत्यारं आणि धार

- चपट्या पटाश्या: ६, १२ आणि २५ मिमी.
- गोल पटाश्या: कमी बाकाची (३ नंबर) १२ आणि २० मिमी, मध्यम बाकाची (५ नंबर) १२ मिमी, जास्त बाकाची (७ नंबर) ८ मिमी.
- तिरक्या तोंडाची एक १० मिमी पटाशी, कोपऱ्यांसाठी.
- अर्धा किलोच्या आतली लाकडी मोगरी. लोखंडी हातोडीने पटाशीची मूठ फुटते आणि घाव किती खोल गेला ते हाताला कळत नाही.

फर्निचरच्या पटाशीची धार साधारण ३० अंशांची असते. कोरीव कामाला २५ अंश ठेवा. २० अंशांना पाजवली तर मऊ लाकडात सुरेख चालते, सागात तिची धार दुमडते. १००० आणि ४००० च्या दगडावर पाजवून चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावून ओढा. सागात दर वीस मिनिटांनी पट्ट्यावर आठ-दहा वेळा ओढणं हा कामाचाच भाग धरा.

तपासा: सरावाच्या तुकड्यात रेषांना आडवा काप घ्या. कापलेलं तोंड चकाकलं पाहिजे. पांढरी ओरखड्यासारखी रेघ दिसली तर धारेत खाच आहे, दगडावर परत जा. तोंड मळकट आणि चुरडलेलं दिसलं तर धार गेलेली आहे. अशा पटाशीने जोर लावावा लागतो आणि निसटते तीही अशीच पटाशी.

फळी टेबलाला दोन क्लॅम्पनी आवळा. दोन्ही हात कायम धारेच्या मागे. रंधताना आणि घासताना मास्क लावा, सागाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते.

## ६. कोरणं

अक्षरं व्ही आकाराच्या खाचेची कोरायची, दोन्ही उतार ४५ अंशांचे. यात सोय अशी की खोली नेहमी रुंदीच्या निम्मी: काना १४ रुंद तर ७ खोल, शिरोरेषा ११ रुंद तर साडेपाच खोल. पुठ्ठ्याचा ९० अंशांचा त्रिकोणी फर्मा कापून खिशात ठेवा आणि दर दोन-तीन इंचांवर खाचेत टेकवून पाहा. याहून उभे उतार सावली गडद पाडतात, पण सोनं चढवायचं असेल तर तळाशी वर्खाचं पान पोचत नाही.

क्रम असा: आधी काने, मग गोलाई, मग शिरोरेषा, शेवटी वेलांटीची कमान, उकार आणि अनुस्वार. काने लाकडाच्या रेषांना आडवे जातात, त्यांचा काप रेषा तोडतो. शिरोरेषा रेषांच्या दिशेने जाते, तिच्यात लाकूड चिरत पुढे पळायला पाहतं. काने आधी कोरलेले असले तर ती चीर कान्याच्या खाचेशी येऊन थांबते. शिरोरेषा आधी कोरली तर मागाहून कान्याचा घाव देताना तिची खालची कड ढलपीसकट निघते.

काने. २५ मिमी पटाशी तळरेघेवर उभी धरून हलका घाव, दोन-तीन मिमी खोल. मग बाहेरच्या रेघेच्या एक मिमी आत पटाशी ४५ अंशांत टेकवून तळाकडे घाव. समोरच्या बाजूनेही तसाच. ढलपी आपोआप सुटते. सुटली नाही तर पटाशीने उचकटू नका, त्याने समोरची कड फुटते. तळरेघेवर पुन्हा घाव द्या. दोन-तीन फेऱ्यांत खोली येते. राखलेला एक मिमी शेवटी मोगरीशिवाय, नुसत्या हाताने, एका सलग तासणीत काढा. कडा धारदार राहतात त्या या शेवटच्या तासणीमुळे.

कान्याची तळरेघ वर कुठे थांबवायची हे मोजूनच ठरवा: शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून ७ मिमी खाली. शिरोरेषेचा मध्य साडेपाच मिमीवर आहे, म्हणजे काना त्याच्या दीड मिमी अलीकडे थांबतो. कारण काना शिरोरेषेपेक्षा खोल आहे. शिरोरेषेचा वरचा उतार त्याच ४५ अंशांत पुढे नेला की तो सात मिमी खोलीवर बरोबर त्या बिंदूला मिळतो. काना मध्यापर्यंत रेटला तर वरच्या उतारात खाच पडते आणि सोनं चढल्यावर ती प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर काळ्या टिंबासारखी दिसते.

गोलाई. वळणाचा बाहेरचा उतार आतून पोकळ असतो, त्याला जुळत्या बाकाची गोल पटाशी. आतला उतार फुगीर असतो, त्याला चपटी पटाशी थोडी फिरवत तासायची. स ची किंवा क ची गोलाई एका दिशेने सलग कापू नका. दर पाव वर्तुळाला रेषांची दिशा बदलते. लाकूड गुळगुळीत सुटत असेल तोवर पुढे जा, खरखर लागली की थांबून उलट बाजूने या. ध च्या गाठीत हे चारदा करावं लागतं, म्हणून ध सर्वांत सावकाश.

शिरोरेषा. इथे मोगरी बाजूला ठेवा. ४५ अंशांत घाव दिला तर लाकूड रेषेने फाटत बाहेरच्या रेघेपलीकडे जातं. धारदार सुरीने वरची आणि खालची रेघ एक मिमी खोल ओरखडून घ्या, तळरेघही ओरखडा, आणि २५ मिमी पटाशीने रेघेच्या दिशेने पातळ तासण्या काढा. वरच्या उताराला डावीकडून उजवीकडे चांगलं सुटत असेल तर खालच्याला बहुधा उलट लागेल. सरावाच्या तुकड्यात पाहून पाटीवर बाणाने खूण करा. लाल खंडापाशी थांबा.

वेलांटी, उकार, अनुस्वार. उकार कान्याच्या टोकातून निघतो, तिथे तळरेघ तुटू देऊ नका. अनुस्वार गोल वाटीसारखा खणू नका, वाटीत पाणी आणि मळ साचतो. बोरूने उमटतो तसा चौकट आकार घ्या: चार बाजूंनी चार तिरके काप, मध्यावर एक खोल बिंदू.

कोपरा उडाला तर: ढलपी शोधा, ती दुसरी मिळत नाही. दोन्ही तोंडं अॅसिटोनने पुसा, इपॉक्सीचा थेंब, वर चिकटपट्टी, चोवीस तास हात नाही. लांबी (पुट्टी) भरून वर सोनं चढवलं तर लाकूड हलताच लांबीभोवती फट पडते आणि ओल तिथून आत जाते.

तपासा: अंधाऱ्या खोलीत एकाच बाजूने विजेरी धरा. तळरेघ सरळ आणि सलग दिसली पाहिजे. लाटांसारखी दिसली तर खोली कमीजास्त आहे. कोरून झाल्यावर खाचांत पॉलिश पेपर फिरवू नका. कडा गोल होतात आणि दुरून अक्षर पुसट दिसतं.

## ७. सील आणि पार्श्वभूमी

कामाच्या बोटीसाठी पार्श्वभूमी रंगवलेली बरी, गडद निळी किंवा काळी. उघड्या लाकडावरचं वार्निश सुंदर दिसतं, पण कोकणच्या उन्हात त्याला दर तीन-चार महिन्यांनी हात द्यावा लागतो. मासेमारीच्या हंगामात तेवढी फुरसत कोणाला नसते. मालक वार्निशच मागत असेल तर हे त्याला आधी सांगा.

वार्निश करायचं तर अतिनील किरणं रोखणारं मरीन स्पार वार्निश घ्या. घरातल्या फर्निचरचं मेलामाइन समुद्रावर पापुद्रे सोडतं. पाटी अॅसिटोनने पुसून पहिला हात निम्मं थिनर घालून, दुसरा पाव थिनर घालून, पुढचे चार सरळ. दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर, सपाट तोंडावरच. रंगाच्या पाटीला प्रायमर आणि इनॅमलचे दोन हात. मागची बाजू, भोकांची आतली तोंडं आणि दोन्ही टोकं यांना दर्शनी बाजूइतकेच हात, टोकांना दोन जास्त. एकाच बाजूने बंद केलेली फळी दुसऱ्या बाजूने ओल पिते आणि वाकते.

प्रत्येक हातानंतर खाचांत साचलेलं वार्निश किंवा रंग कोरड्या कुंचल्याने ओढून घ्या. तळाशी साचलं की धारदार व्ही चा गोलसर नाला होतो.

शेवटी खाचांत पिवळ्या इनॅमलचे दोन पातळ हात. सोन्यात बारीक फट राहिली तरी खालचा पिवळा ती झाकतो. आता पूर्ण आठवडा वाळू द्या.

सावधान: जवसाचं तेल, वार्निश किंवा साइज (वर्ख चिकटवायचा तेलकट द्रव) पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

## ८. सोन्याचा वर्ख

समुद्रावर २२ कॅरेटच्या वरचाच वर्ख. पितळी नकली पान खाऱ्या हवेत हिरवं-काळं पडतं. साधारण ८० मिमी चौकोनी २५ पानांची वही मिळते. ‘सिंधुकन्या’च्या खाचांचं क्षेत्रफळ जेमतेम सहा पानांचं, पण खाचेत पान फाटतं, म्हणून दुप्पट, १२ पानं धरा. दोन पाट्यांना एक वही काठोकाठ पुरते. नवख्याने दोन घ्याव्यात. कागदाला चिकटवलेलं पान वाऱ्यात सोयीचं असलं तरी खाचेच्या तळाशी पोचत नाही. इथे सुटं पान हवं, म्हणून हे काम बंद खोलीत, पंखा बंद करून.

१. सपाट तोंडावर टाल्कम पावडर फिरवून झटका, म्हणजे सोनं तिथे चिकटणार नाही. पावडर खाचेत जाऊ देऊ नका.

२. खाचांत ऑइल साइजचा अगदी पातळ हात, कडेपर्यंत, बाहेर नाही. साइज जिथे जाईल तिथे सोनं जाईल, तेव्हा अक्षराची शेवटची कड आता कुंचला ठरवतो. तीन तासांची आणि बारा तासांची अशी दोन प्रकारची साइज मिळते. बारा तासांची घ्या: संध्याकाळी लावा, सकाळी सोनं. चमक तिचीच जास्त.

३. बाटलीवरच्या वेळेवर विसंबू नका, दमट हवेत ती चुकते. बोटाचं पेर हलकेच टेकवून उचला. किंचित ओढ आणि बारीक ‘टक्’ हवा, पेराला काही लागता कामा नये. आधी पान टाकलं तर सोनं साइजमध्ये बुडून मंद होतं. उशीर झाला तर ते जागोजागी चिकटतच नाही.

४. पानाच्या पट्ट्या कापून तळाकडून वर चढवा, एकमेकींवर ३ मिमी. मऊ गोल कुंचल्याने तळाशी ठोकत दाबा, घासू नका. फटींवर लगेच तुकडे टाका.

५. दोन दिवसांनी कापसाने सुटं सोनं काढा, मग ओल्या मऊ फडक्याने पावडर पुसा.

चांगल्या सोन्यावर वार्निश मारू नका. सोनं उन्हाने बिघडत नाही, वरचं वार्निश पिवळं पडतं आणि सोलताना सोनं घेऊन जातं. दोर किंवा जाळं सतत घासतं अशा जागी पाटी लावायचीच असेल, तर सोन्याऐवजी पिवळा रंगच ठेवा.

## ९. बोटीवर बसवणं

३१६ प्रतीचं स्टेनलेस किंवा सिलिकॉन ब्राँझ, १० नंबर, ४५ मिमी स्क्रू. हिशेब: पाटीत उरलेली जाडी १८, मागचा ठोकळा ६, बोटीच्या फळीत सुमारे २०. बोटीची फळी ३० मिमीपेक्षा पातळ असेल तर छोटे स्क्रू घ्या. लोखंडी स्क्रू सागात काळे ओघळ सोडतो, पितळी खाऱ्या पाण्यात ठिसूळ होतो.

प्रत्येक स्क्रूच्या जागी मागे ६ मिमी जाडीचा सागाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पाटीमागे हवा खेळेल. बोटीच्या बाकामुळे टोकांशी फट असेल तर तिथले ठोकळे तेवढे जाड करून पाचरीसारखे तासा, आणि त्या टोकांचे स्क्रू तेवढेच लांब घ्या. स्क्रूच्या जोरावर पाटी वाकवू नका, खाचांच्या तळाशी ती चिरते. बोटीतल्या भोकांत पॉलिसल्फाइड सीलंट भरून स्क्रू घाला. खालच्या ओळीत वॉशर टाका, बेताने आवळा. फायबरच्या बोटीत नुसता स्क्रू धरत नाही. आतून लाकडी पट्टी आणि आरपार बोल्ट हवेत.

बुचं चिकटवू नका, वार्निशमध्ये बुडवून बसवा. त्यांच्या रेषा पाटीच्या रेषांना समांतर ठेवा, वाळल्यावर पटाशीने दोन तासण्यांत सपाट करा आणि वर पार्श्वभूमीचाच हात द्या.

दरवर्षी बोट वर ओढली की पाटी गोड्या पाण्याने धुवा आणि वरची कड, टोकं आणि बुचांचा घेर पाहा. ओल आधी तिथे शिरते आणि वार्निशखाली काळसर डाग दिसतो. डाग दिसला की त्याच आठवड्यात बुचं काढून पाटी उतरवा, सावलीत वाळवा, तेवढाच भाग तासून पुन्हा सील करा. सोन्याला साबण, ब्रश किंवा पॉलिश लावू नका. गोडं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.